मंगळवार पेठेतले तंबोरेवाले काका आणि माझी एफ कॉर्ड

अकरा वर्षं मी धरून चाललो होतो की माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात जोर नाही. गिटारीवर एफ कॉर्ड, म्हणजे पहिल्या बोटानं सहाही तारा एकदम दाबायच्या तो आकार, धरली की खालच्या दोन तारा थप्प वाजायच्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून सुटून घरी आलो की जेवणाआधी अर्धा तास नुसती एफ धरून बसायचो, मनगटापर्यंत कळ जायची. पुढं पुढं कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून एफ चुकवायची सवय लागली. ज्या गाण्यात ती चुकवता येत नाही, ते गाणं मी वाजवायचंच सोडून दिलं.

मागच्या श्रावणात गिटार वाजवायला फारच जड झाली. भिंतीला ओल होती आणि गिटार त्याच भिंतीला टांगलेली. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, घोडीच्या मागची लाकडी फळी फुगते, घोडी वर उचलली जाते आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पडद्यांपासून, लांब जातात. एका दुकानात दाखवली तर काउंटरवरच्यानं केसमधून बाहेरसुद्धा न काढता सांगितलं, आता नवीन घ्या. मला फार वाईट वाटलं. पहिल्या पगारातून घेतलेली वस्तू आहे ती.

मग एका तबलजी मित्रानं मंगळवार पेठेतल्या या कारागिरांचा पत्ता दिला. दुकानाला पाटी नाही. ‘तंबोरेवाले काका’ म्हटलं की गल्लीतली पोरं बोट दाखवतात. आत शिरलं की छताला भोपळे टांगलेले, कोपऱ्यात दोन उघडी हार्मोनियम, सगळीकडं लाखेचा वास. काकांचा हात मिरजेत तयार झालाय, सतारमेकर गल्लीत. मिरज इथून पन्नासेक किलोमीटर. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, ही बातमी त्यांनी कात्रण काढून भिंतीला चिकटवलीय. गायक अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्या गावात तंबोरा लावणारे हात असणारच. पण तेच हात गिटारीलाही लागतात हे मला माहीत नव्हतं.

मी तक्रार सांगायला लागलो तसं त्यांनी थांबवलं. “आधी वाजव की. काय वाजवतोस ते बघू दे.”

पाच मिनिटं वाजवलं. ते गिटारीकडं बघतच नव्हते, माझ्या हाताकडं बघत होते. मग म्हणाले, “एफ धर.” धरली. नेहमीसारखी थप्प. त्यांनी कॅपो मागितला, पहिल्या फ्रेटवर लावला आणि म्हणाले, “आता तोच आकार एक पडदा पुढं धर.” धरला. सहाच्या सहा तारा वाजल्या.

“बोट चांगलं हाय तुझं. नट उंच हाय.”

मी मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि फिलर गेज. कुणी आकड्यात बोललं की मला पटतं, आणि काका बोलतात सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. तरीही दोघांचं जमलं. नट म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघायचं. तिथं जेमतेम कागद जावा. माझ्या गिटारीत पोस्टकार्ड आरामात जात होतं. म्हणजे पहिल्याच फ्रेटवर, जिथं तार आधीच सर्वांत ताठ लागते, तिथं मी इतकी वर्षं जास्तीची उंची दाबत होतो. कॅपो लागला की नट कामातून बाद होतो, म्हणून तोच आकार पुढं गोड वाजला.

मापं मी स्वतः घेतली. सहावी तार बाराव्या फ्रेटवर 3.2 मिलिमीटर उंच होती, ती 2.3 वर आली. मानेचा बाक 0.5 मिलिमीटर होता. ट्रस रॉड, म्हणजे मानेतली लोखंडी सळई, पाव फेरा आवळून काकांनी गिटार रात्रभर तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परत बघितलं, तेव्हा 0.2. नटाच्या खाचा खोल झाल्या, उरलेलं काम सॅडलवर, म्हणजे घोडीतल्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यावर. इथं एक हिशेब असतो: बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, त्यामुळं तिथं 1 मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल 2 मिलिमीटर उतरवावी लागते. काकांनी जुनी प्लास्टिकची पट्टी काढून हाडाची नवीन केली. काचेवर पॉलिश पेपर ठेवून बूड घासत होते, तीन हात मारले की उजेडाकडं धरून बघायचे, परत तीन हात. बूड सपाट बसलं नाही तर तारेचा आवाज लाकडापर्यंत पोचत नाही, हे त्यांचं म्हणणं. आमच्याकडं सरफेस प्लेटवर जॉब बसवताना मी हेच करतो.

पाचव्या फ्रेटवर एक बारीक झणझण होती. तीन फ्रेटवर बसेल एवढी पोलादी पट्टी त्यांनी ठेवली, ती डुगडुगली. मधला फ्रेट उंच. त्यावर मार्करची शाई लावून, शाई जाईल तेवढंच कानस चालवलं. तेव्हा ते जे बोलले ते माझ्या डोक्यात बसलंय: “तंबोऱ्यात ही आस, ही झणझणती गुंज, काढायला आमचं आयुष्य जातं. जवारी, म्हणजे घोडीचा तारेखालचा माथा, घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा, मग कुठं तार बोलायला लागते. आणि तुमच्या गिटारीत तीच आस मारायला मी बसतो.” त्यांना दोन्ही कामं सारखीच प्रिय आहेत हे त्यांच्या हाताकडं बघून कळतं.

एका बाबतीत माझं त्यांच्याशी जुळलं नाही. त्यांनी 11 नंबरच्या, म्हणजे पातळ, तारांचा सेट घालून दिला, बोटाला हलका म्हणून. हलका आहेच. पण मी भावगीतांना साथ करतो, गाणाऱ्याच्या खाली भरीव खर्ज लागतो, आणि 11 मध्ये तो पातळ वाटला. पंधरा दिवसांनी मी माझ्या नेहमीच्या जाड 12-53 फॉस्फर ब्रॉन्झ तारांवर परत आलो. या जाड सेटचा एकूण ताण 70 किलोच्या वर जातो, त्यामुळं मान परत किंचित वाकली. काकांनी ट्रस रॉडची एलन की फिरवून पाच मिनिटांत सरळ केली, पैसे घेतले नाहीत. उलट म्हणाले, आधी विचारायला पाहिजे होतं मी.

एकूण 1150 रुपये गेले: सेटअप 600, हाडाची सॅडल 350, फ्रेटचं काम 200. आठ दिवस म्हणाले होते, बारा लागले. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. पिकअप, वायरिंग, इलेक्ट्रिक गिटार यातलं काही करत नाहीत आणि तसं पहिल्या वाक्यात सांगतात. गणपतीच्या आधी महिनाभर तिकडं फिरकू नका, भजनी मंडळांच्या पेट्यांनी दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

गिटार घेऊन आलो त्या संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो, कठड्यावर बसलो आणि एफ धरली. खालच्या दोन्ही तारा स्वच्छ वाजल्या. मग मी सोडून दिलेलं एक गाणं काढलं. अंतऱ्यात तीन वेळा एफ येते. तिन्ही वेळा आली. शेजारी कणीस खात बसलेल्या बाईंनी विचारलं, “पुन्हा म्हणता का तेवढं?”

तुम्ही जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा. तारा उतरवून नेऊ नका, मान ताणाखाली कशी बसते हे त्यांना बघायचं असतं. आणि तुम्हाला जे गाणं जमत नाही तेच वाजवून दाखवा.