अल्कोहोलचा कॉलम: विल्सन, एनआरटीएल की युनिफॅक?

नाशिक भागात, दिंडोरीकडच्या डिस्टिलरीत किंवा सातपूरच्या सॉल्व्हंट रिकव्हरीत नव्याने लागलेली मुलं सिम्युलेटर (कॉलमचं, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्याचं, गणित करणारं सॉफ्टवेअर) उघडतात आणि पहिल्याच खिडकीत अडकतात: मिश्रणातला कोणता घटक बाष्पात किती आणि द्रवात किती जाईल ते सांगणारं मॉडेल कोणतं घ्यायचं? बहुतेकांचं बोट पेंग-रॉबिन्सनवर पडतं, कारण कॉलेजात तेच नाव जास्त ऐकलेलं असतं. 1976 सालचं हे समीकरण नैसर्गिक वायू आणि हायड्रोकार्बनसाठी उत्तम. पण पाणी आणि इथेनॉल हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, तिथे साध्या मिश्रण-नियमांसह ते लंगडं पडतं.

मिश्रण आदर्श वागतं असं धरणारा राउल्टचा नियम तर सरळ फसवतो. वातावरणीय दाबाला इथेनॉल-पाण्याचं मिश्रण वजनाने साधारण 95.6 टक्के इथेनॉलवर, 78.2 अंशांना अडतं. तिथे बाष्प आणि द्रव एकाच घडणीचे होतात. राउल्टला हा अडथळा दिसतच नाही. कॉलममधले ट्रे (टप्पे) वाढवत चला, शुद्ध इथेनॉल मिळेल, असं तो सांगतो. तसं असतं तर इंधनाच्या इथेनॉलसाठी उरलेलं पाणी शोषणाऱ्या मॉलिक्युलर सीव्हवर कोणी पैसे घातले असते का?

म्हणजे खरी निवड ॲक्टिव्हिटी कोइफिशियंटच्या (द्रवातला घटक आदर्श वागण्यापासून किती ढळतो, त्या आकड्याच्या) मॉडेलांमधली.

नुसता इथेनॉल-पाण्याचा कॉलम असेल तर विल्सन (1964) पुरतो, आणि चांगला पुरतो. गणितं पटकन जुळतात. पण फ्युजल ऑइल (आयसोअमाइलसारख्या जड अल्कोहोलांचं मिश्रण) बाजूला काढून डिकँटरमध्ये, म्हणजे थर बसू देणाऱ्या टाकीत, थर वेगळे करायचे असतील, तर विल्सन तिथेच सोडा. आयसोअमाइल अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळत नाही, आणि विल्सनच्या समीकरणात कोणतेही आकडे घाला, दोन द्रव थर निघणारच नाहीत. रचनाच तशी आहे. रेनॉन आणि प्राउस्निट्झ यांचं एनआरटीएल (1968) ही उणीव भरून काढतं. त्यात अल्फा नावाचा तिसरा आकडा असतो, बहुधा 0.2 ते 0.47 मधला. मात्र बाष्प-द्रव मोजमापांवर बसवलेले आकडे डिकँटरला जसेच्या तसे लावू नका. थरांची घडण चुकीची येते आणि चूक नजरेतही भरत नाही. डिकँटरसाठी द्रव-द्रव मोजमापांवरचा वेगळा संच घ्या.

युनिक्वॅक हे याच जातीचं आणखी एक मॉडेलही दोन थर दाखवतं. एनआरटीएलचे चांगले आकडे हाताशी असताना तिकडे वळावं असं मला कधी वाटलं नाही.

युनिफॅक (1975) ही वेगळीच गोष्ट. ते रेणूचे गट पाडून अंदाज बांधतं, म्हणून एखाद्या जोडीची मोजमापंच नसतील तेव्हा कामी येतं. ज्या जोडीची मोजमापं ढीगभर आहेत, त्या इथेनॉल-पाण्याला ते लावणं म्हणजे घरात तराजू असताना धान्य मुठीने मोजणं.

सिम्युलेटरच्या परवान्याची अडचण असेल तर डीडब्ल्यूसिम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ही सगळी मॉडेलं त्यात आहेत.

आणि मॉडेलला दोष देण्याआधी दाबाचा रकाना बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, इथला हवेचा दाब साधारण 0.94 बार. सिम्युलेटर बहुधा न सांगता 1.013 धरतो. वातावरणीय कॉलमच्या माथ्यावर तेवढ्यानेच जवळजवळ दोन अंशांचा फरक पडतो. मीही एकदा एनआरटीएलचे आकडे दोन दिवस बदलत बसलो होतो.