सूर्यास्त सहा वाजता

अंदमानातल्या हॅवलॉक बेटाची आमची बोटीची तिकिटं खरी होती. हे सांगितलं की लोक विचारतात, मग फसलात कुठे? बोट खरी, कंपनी खरी, पीएनआर टाकला की त्यांच्या साइटवर आम्हा चौघांची नावं यायची. मी स्वतः दोनदा बघितली होती. तरी २६ डिसेंबरला सकाळी साडेसहाला पोर्ट ब्लेअरच्या जेट्टीवर (कागदोपत्री आता श्री विजयपुरम, पण तिथे सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात) काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. चारही नावांपुढे 'कॅन्सल्ड'. दहा दिवसांपूर्वीच. रिफंडही होऊन गेलेला. खाली एक मोबाइल नंबर होता, मधले आकडे फुल्यांनी झाकलेले, शेवटी ४७. आमच्या घरात ४७ वर संपणारा नंबर कुणाचाच नाही.

तो आमच्या सहलीच्या एजंटचा होता. त्याला फोन लावला तर म्हणाला, "ताई, घाबरू नका, समुद्र खवळलाय, आज बोटीच रद्द झाल्या असतील." समोर समुद्र तेलासारखा निवांत पडला होता आणि आमच्या बाजूनं माणसं बॅगा ओढत बोटीवर चढत होती. मी तसं सांगितल्यावर फोन कट झाला. त्यानंतर लागलाच नाही.

हा माणूस सापडला सोशल मीडियावर. सासऱ्यांना सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची होती, लेकीला स्कूबा करायचं होतं, आणि मला नुसतं कुठेतरी हिरव्यागार ठिकाणी जाऊन बसायचं होतं. तिघांचं एकत्र जमणारी जागा अंदमानच. एजंट मराठीत बोलायचा, अगदी घरच्यासारखा. "बाबांना जिना चढायला त्रास होईल ना, खालची रूम सांगतो." या एका वाक्यावर नवऱ्यानं पहिला हप्ता पाठवला. विमान सोडून सहा रात्रींचे १,१२,००० रुपये, तीन हप्त्यांत, यूपीआयनं. पैसे घेणारं नाव कुठल्याही कंपनीचं नव्हतं, एका बाईचं होतं. विचारलं तर, "जीएसटी वाचतो ताई, तुमचाच फायदा." त्या वाचणाऱ्या जीएसटीचं मलाही बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

नंतर डोकं थंड झाल्यावर युक्ती कळली. तिकिटं खरी काढायची, पण मोबाइल नंबर आणि ईमेल आपला टाकायचा. पीडीएफ गिऱ्हाइकाला पाठवायची. गिऱ्हाईक साइटवर तपासतं, नावं दिसतात, खूश होऊन पुढचा हप्ता देतं. प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी गुपचूप तिकिटं रद्द करायची. रद्द झाल्याचा मेसेज येतो त्याच्याच फोनवर, पैसे जातात त्याच्याच खात्यात. हॉटेलचंही तसंच. पैसे न भरता, मोफत रद्द करता येईल असं बुकिंग करायचं. मी हॅवलॉकच्या रिसॉर्टला फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, हो, तुमच्या नावानं बुकिंग आहे. खोटं बोलले नाहीत, त्या दिवशी होतं. पैसे भरलेत का, हे मी विचारलं नाही.

पोर्ट ब्लेअरची पहिली रात्र मात्र चोख. विमानतळावर नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा, खोली खालच्या मजल्यावरची, संध्याकाळी जेलमधला लाइट अँड साउंड शो. त्या रात्री मी एजंटला हात जोडलेली इमोजी पाठवली. बेटावर उतरल्या उतरल्या आरडाओरडा झाला असता तर तिसरा हप्ता मिळाला नसता. तो पहिल्या रात्री जेवणानंतर द्यायचं ठरलं होतं आणि आम्ही तो दिला.

जेट्टीवर सासरे बॅगेवर बसले होते. त्यांनी कुणालाही एक शब्द विचारला नाही. मला त्याचंच जास्त लागलं. नाताळच्या गर्दीत खासगी बोटींना जागाच नव्हती. मग आदल्या दिवशीचा ड्रायव्हर धावून आला. (त्यालाही एकाच दिवसाचे पैसे मिळाले होते.) त्यानं फिनिक्स बे जेट्टीवर सरकारी बोटींच्या तिकीटखिडकीच्या रांगेत उभं केलं. तिथे स्थानिक लोकांचा हक्क आधी, आणि ते बरोबरच आहे, त्यांची ती एसटी आहे. दुसऱ्या दिवशीची चार तिकिटं मिळाली. ओळखपत्रं मूळच लागतात, झेरॉक्स चालत नाही. सरकारी बोट खासगीपेक्षा हळू जाते, पण डेकवर उभं राहता येतं. उडणारे मासे तिथूनच दिसले. संबंध सहलीत सासरे पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

खरं तर एजंटनं पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेतच सगळं होतं. मला वाचता आलं नाही, इतकंच. तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं, 'सायं. ६ वाजता राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त दर्शन'. अंदमान आपल्या पार पूर्वेला, घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. सहाला राधानगरला पोचलात तर अंधार, आणि पाय फोडून काढणाऱ्या वाळूमाश्या. (खोबरेल तेल चोपडून जा. डासांच्या मलमानं माझं तरी काही भागलं नाही.) जो माणूस कधी तिथे गेलाय, तो सहा लिहिणार नाही. तसंच 'बाराटांगकरिता हॉटेलमधून स. ९ वा. प्रस्थान'. बाराटांग बेटाच्या रस्त्यावर जिरकाटांगच्या चौकीपासून गाड्या ताफ्यानंच सोडतात, ठरलेल्या वेळीच. सकाळचा पहिला ताफा गाठायचा तर पोर्ट ब्लेअरहून पहाटे साडेतीन-चारला निघावं लागतं. आम्ही साडेतीनला निघालो तरी आमच्यापुढे गाड्यांची लांबलचक रांग होतीच.

याच बाराटांगसाठी त्यानं माणशी २,२०० रुपये घेतले होते, 'जारवा क्षेत्र विशेष परवाना' म्हणून. (जारवा म्हणजे तिथले आदिवासी, बाराटांगचा रस्ता त्यांच्याच जंगलातून जातो.) एक कागदही पाठवला होता, अशोकस्तंभाचं चित्र आणि गोल शिक्का असलेला. फोनवर म्हणाला होता, "नशीब असेल तर जारवा अगदी जवळून दिसतात, फोटोचं मी ड्रायव्हरला सांगून ठेवतो." आता लिहिताना हात अडखळतो. पण तेव्हा आम्ही कुणी त्याला, असं कसं, असं विचारलं नाही. लेकीनं तर कॅमेऱ्याची बॅटरी जास्तीची घेतली होती.

जिरकाटांगच्या चौकीवर ड्रायव्हरनं एक साधा फॉर्म भरला, त्यात आमची नावं आणि ओळखपत्रांचे नंबर. मी अगदी विश्वासानं तो शिक्क्याचा कागद पुढे केला. पोलिसानं तो टॉर्चच्या उजेडात वाचला, घडी घालून मला परत दिला, आणि म्हणाला, "मॅडम, फोटो निकाला तो जेल होगा." कागदाबद्दल चकार शब्द नाही. नंतर ड्रायव्हरनं सांगितलं, असे कागद महिन्याला दोन-चार येतात.

आपल्या पर्यटकाला पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील बेट इथे जायला कसलाही परवाना लागत नाही. आदिवासी राखीव क्षेत्रात शिरायचा पास पर्यटकाला मिळतच नाही, कितीही पैसे द्या. त्यांच्या संरक्षणाचा नियम १९५६ चा आहे आणि पर्यटकांसमोर जारवांना नाचवल्याचं प्रकरण २०१२ मध्ये बाहेर आल्यावर शिक्षा आणखी कडक झाली. सगळे मिळून काही शे माणसं आहेत ती. त्यांच्या जंगलातून आपल्याला फक्त जाऊ देतात. थांबायचं नाही, ओव्हरटेक करायचं नाही, फोटो नाही, खाऊ द्यायचा नाही. म्हणजे त्यानं आम्हाला जे विकलं, ते विकायला कुणाकडे नव्हतंच.

दोन्ही बाजूंनी गर्जनाची झाडं इतकी उंच की गाडीतून शेंडे दिसेनात. बुंध्यांना भिंतीसारखी मुळं, वेलींच्या दोऱ्या, आणि सकाळ झाली तरी आत रात्रच. लेक कॅमेरा पिशवीत टाकून काचेला नाक लावून बसली. आम्हाला कुणीही दिसलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढचं थोडक्यात. आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर पोलिसांत जबाब दिला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, शेवटचा हप्ता देऊन किती दिवस झाले? आठ. एवढ्या दिवसांत पैसा दोन-तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघून जातो म्हणाले. मी बेटावरूनच, जेट्टीवरच्या त्याच सकाळी १९३० लावायला हवा होता. तिसरा हप्ता देऊन तेव्हा बारा तासही झाले नव्हते. पण तेव्हा मी बोट शोधत होते. आणि मला वाटत होतं, मराठी माणूस आहे, करेल फोन.

तुम्ही जाणार असाल तर बोटीचं तिकीट कुणाकडूनही काढा, पण त्यावर नंबर आणि ईमेल तुमचाच टाकून घ्या. जो आढेवेढे घेईल त्याला तिथेच नमस्कार करा. निघायच्या आदल्या दिवशी पीएनआर पुन्हा बघा. हॉटेलला फोन कराल तेव्हा बुकिंग आहे का, एवढंच विचारून थांबू नका, किती रक्कम जमा आहे ते विचारा.

एजंटचं सोशल मीडियावरचं पान महिनाभर बंद होतं. गेल्या आठवड्यात लेकीला नव्या नावानं सापडलं. फोटो तेच, दर थोडा वाढलेला. कार्यक्रमपत्रिकाही तीच आहे. तिसरा दिवस, राधानगर, सायंकाळी सहा.