ऑयलरच्या हाती आलेल्या दोन संख्या

४,२९,४९,६७,२९७ म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फ्रेंच गणितज्ञ फर्माला ती मूळसंख्या वाटली होती. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये तिचे अवयव पाडले: ६४१ × ६७,००,४१७. ताकद नाही, युक्ती! तिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच हवा. मग तपासायचे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवा थेट ६४१.

२,१४,७४,८३,६४७ (२ चा ३१ वा घात उणे १) मात्र दाद देईना. इथे विभाजकांचा शोध ४६,३४० पर्यंत न्यावा लागतो. १७७२ मध्ये ऑयलरनेच ती मूळ ठरवली. संगणकातल्या ३२ बिटी चिन्हयुक्त पूर्णांकाची (३२ द्विमान अंकांत साठवलेल्या, धन किंवा ऋण असू शकणाऱ्या संख्येची) कमाल मर्यादाही हीच. अशा पूर्णांकात सेकंद मोजणाऱ्या संगणकी घड्याळांची मोजणी २०३८ मध्ये ही मर्यादा ओलांडेल, ती भानगड त्यातूनच. मला मात्र फर्माला चकवणारी पहिलीच जास्त आवडते.