वक्तृत्वाचा वर्ग की नाटकाचा? आम्ही दोन्ही करून पाहिलं

जून जवळ आला की ओळखीतलं कुणी ना कुणी हमखास विचारतं: मुलाला वक्तृत्वाला घालू की नाटकाला? आमच्या मुलीनं दोन्ही केलं. चौथी-पाचवीत वक्तृत्व, सहावीपासून नाटक. आता ती नववीत आहे. मी सांगतो तो पुण्यातल्या एका घराचा अनुभव आहे. मूल वेगळं, शिकवणारे वेगळे, तर फळही वेगळं मिळू शकेल, एवढं धरून पुढे वाचा.

आधी वक्तृत्वाच्या वर्गाचं ऋण मान्य करतो. सर उच्चारांना अतिशय पक्के होते. 'चटईला टाचणी टोचली' आधी सावकाश, मग भरभर, मग कुजबुजत. आणि कुजबुजतानाही शेवटच्या बाकावरच्या मुलाला शब्द कळला पाहिजे. 'चमचा'मधला च आणि 'चिमणी'मधला च एक नव्हे, हे त्यांनी आरशासमोर जिभेचं टोक दाखवून शिकवलं. आमची मुलगी इंग्रजी माध्यमातली, ती सर्रास 'पानी' म्हणायची. तीन महिन्यांत तिचा ण सुधारला तो कायमचा. पुढे नाटकाच्या वर्गात इतक्या बारकाईनं उच्चार कुणी घासून घेतले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिवाय आठवड्याला दोन तास, ठरलेली वेळ, ठरलेली फी. पालकांची धावपळ नाही. चौथीतली मुलगी भरल्या सभागृहात एकटी उभी राहून बोलू लागली, हेही त्या वर्गाचंच देणं.

मग बिनसलं कुठे? एका 1 ऑगस्टला. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती, त्यामुळे त्या आठवड्यात शाळाशाळांत वक्तृत्व स्पर्धा असतात. मुलगी तेव्हा पाचवीत होती. भाषण सरांनी लिहून दिलं होतं, दोन पानी, टिळकांवर. कुठे थांबायचं, कुठे हात वर न्यायचा, त्याच्या पेन्सिलीच्या खुणा समासात. ती सातवी बोलणार होती. तिच्या आधीची दोन मुलं त्याच वर्गातली. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही" या वाक्याला दोघांचाही उजवा हात तितकाच वर गेला आणि तर्जनी त्याच कोपऱ्याकडे वळली.

मुलगी उभी राहिली. छान चाललं होतं. टरफलांच्या वाक्याशी आली आणि नेमकी चार मिनिटांची घंटा वाजली. ती फक्त इशाऱ्याची घंटा, अजून एक मिनिट बाकी होतं. पण ती थबकली. ओठ हलले, शब्द आला नाही. क्षणभर छताकडे पाहिलं आणि तिनं पुन्हा सुरुवात केली, "आदरणीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..." अगदी पहिल्या ओळीपासून. तेच हातवारे, तोच चढउतार. शेवटची घंटा झाली तेव्हा टिळक अजून रत्नागिरीतच होते.

बक्षीस गेल्याचं मला काही वाटलं नाही. घरी येताना मी विचारलं, "अगं, मधूनच पुढे का नाही गेलीस? ती गोष्ट तर तुला पाठ आहे." ती म्हणाली, "बाबा, मधून येतच नाही. पहिल्यापासून म्हटलं की येतं."

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मग घरीही तेच दिसायला लागलं. आत्या आली, भाषण म्हणून दाखव म्हणाली, मध्ये दाराची बेल वाजली, की पुन्हा "आदरणीय व्यासपीठ". भाषण तिच्या तोंडात होतं, डोक्यात नव्हतं. माळेतला एक मणी निसटला की सगळी माळ पुन्हा ओवायची. सरांशी बोललो. ते प्रेमानं म्हणाले, "पाठांतर थोडं कच्चं राहिलंय, आपण अजून घासू या." त्यांच्या पद्धतीत ते बरोबरच होते. पण अजून घासून पाठांतर पक्कं झालं असतं. अडल्यावर काय करायचं, ते तिला तरीही आलं नसतं. दिवाळीनंतर आम्ही तो वर्ग थांबवला.

नाटकाच्या वर्गात पहिलं वर्ष निराशेचंच वाटलं. जूनमध्ये प्रवेश, आणि ऑगस्ट संपेपर्यंत नाटक दिसेना. नुसते खेळ आणि मग वाचन. तीन आठवडे मुलं गोल बसून संहिता वाचत होती आणि पाठ करायची नाही, अशी ताईंची सक्त ताकीद होती. मी दोनदा वर्गात मागे बसून पाहिलं. एखादं वाक्य वाचून झालं की ताई विचारायच्या, "हे ती कुणाला म्हणतेय? त्या माणसाकडून तिला काय हवंय?" मग तेच स्वतःच्या शब्दांत म्हणायचं. लेखकाचे शब्द त्यानंतर. हालचाली बसल्यावर त्यांचा आणखी एक परिपाठ होता. तालमीच्या आधी एकाच मुलाच्या कानात सांगायचं, आज अमुक वाक्य गाळ, किंवा हातात असायची ती वस्तू विंगेतच ठेव. बाकीच्यांना पत्ता नाही. त्यांनी सावरून घ्यायचं, आणि तालीम थांबवायची नाही.

याचा अर्थ मला प्रयोगाच्या दिवशी कळला. मुलीला छोटीच भूमिका होती, शहरात गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणारी आजी. पोस्टमन झालेला मुलगा रंगमंचावर आला, पिशवीत हात घातला आणि घातलेलाच राहिला. पत्र विंगेतच राहिलं होतं. मी चौथ्या रांगेत होतो आणि मला यातलं काही कळलं नाही. मला दिसलं ते एवढंच: आजी दोन पावलं पुढे आली, पोस्टमनचा हात पिशवीसकट हातात धरला आणि म्हणाली, "राहू दे बाबा, चष्मा फुटलाय माझा. तू वाचलं असशील ना? सांग काय लिहिलंय." पोस्टमननं रोज तालमीत ऐकलेलं पत्र सांगून टाकलं. ही वाक्यं संहितेत नव्हती, हे रात्री परत येताना तिनंच मला सांगितलं. पाचवीत घंटेनं थांबलेली ती हीच मुलगी. मध्ये एकच वर्ष गेलं होतं. वय वाढलं म्हणूनही फरक पडला असेल, नाकारत नाही. पण मला श्रेय त्या गाळलेल्या वाक्यांना द्यावंसं वाटतं.

नाटकाचा त्रासही सांगतो. शेवटचे पंधरा दिवस रोज तालीम, कधी रात्री नऊ वाजायचे. घटक चाचणी त्यातच आली. ज्यांना मोठी भूमिका नाही ती मुलं तासन्‌तास विंगेत बसतात. काही ठिकाणी मुख्य भूमिका दरवर्षी त्याच दोघा-तिघांना जातात. आणि नाटकाची पाटी लावली म्हणून वर्ग चांगला असंही नाही. राज्य बालनाट्य स्पर्धा किंवा आंतरशालेय स्पर्धांचे करंडक, यांच्यासाठीच मुलं तयार करणारे वर्ग असतात. तिथे पाऊल कुठे टाकायचं तेही घोकून घेतात, मुलं एका सुरात ओरडतात किंवा लाडिक बोलतात. असा वर्ग आणि आमचा वक्तृत्वाचा वर्ग, यांत मला फार अंतर दिसत नाही.

मुलांचं नाटक लाडिक असायलाच हवं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ग्रिप्सचा एखादा प्रयोग मुलांसोबत जरूर पाहावा. बर्लिनमधली ही बालनाट्याची चळवळ 1986 मध्ये मोहन आगाशे आणि थिएटर अकादमीमुळे पुण्यात रुजली. त्यात मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात, आणि बोबडं न बोलता करतात. मुळात सुधा करमरकरांचं लिटल थिएटर 1959 मधलं आणि रत्नाकर मतकरींची बालनाट्य संस्था 1962 मधली. मुलांचं नाटक गांभीर्यानं करायची आपल्याकडे जुनी वाट आहे.

तिसरा पर्यायही हल्ली विचारला जातो: ट्रिनिटी कॉलेज लंडन किंवा लॅम्डा या ब्रिटिश संस्थांच्या स्पीच अँड ड्रामाच्या, म्हणजे बोलणं आणि अभिनय यांच्या, ग्रेड परीक्षा. आम्ही तो केला नाही, म्हणून थोडक्यात. ट्रिनिटीचे परीक्षक सादरीकरण झाल्यावर निवडलेल्या उताऱ्यांवर मुलांशी बोलतात, ही गोष्ट मला फार आवडते. नुसती घोकंपट्टी तिथे उघडी पडते. सहाव्या ग्रेडपासून पुढे ब्रिटनच्या विद्यापीठ प्रवेशात गुणही धरले जातात, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी घरांनी जरूर विचार करावा. आम्हाला मात्र मुलीनं मराठीत मोकळं व्हावं असं वाटत होतं.

मग कुणी काय निवडावं? उच्चार अशुद्ध असतील, मूल चारचौघांत तोंडच उघडत नसेल, किंवा घरी वेळ अगदीच कमी असेल, तर वक्तृत्वानं सुरुवात करायला हरकत नाही. फक्त भाषण कोण लिहितं ते विचारा. मुलानं मोडकंतोडकं लिहायचं आणि सरांनी दुरुस्त करायचं असं असेल, तर बिनधास्त पाठवा. बाकी बहुतेक मुलांना मी नाटकच सुचवीन. दोन्हीकडे प्रवेशाआधी एक तास मागे बसू देतील का, ते विचारा, आणि मूल अडेपर्यंत वाट पाहा. अडल्यावर लगेच पुढचा शब्द पुरवतात, पहिल्यापासून म्हणायला लावतात, की थांबून पुढचं त्याचं त्याला शोधू देतात, ते पाहून ठरवा. भिंतीवरच्या करंडकांपेक्षा मला तरी त्यावरून जास्त कळतं.

धाकटा आता तिसरीत जाईल. त्याला जूनपासून ताईंच्याच वर्गात घालतोय. त्याचाही ण कच्चा आहे, म्हणून मे महिन्यात तीन आठवडे सरांकडे पाठवणार आहे, फक्त उच्चारांसाठी. स्पर्धेला उतरवणार नाही हे सरांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "चालेल, आरसा घेऊन पाठवा."