आणखी एक गिटार घ्यावी, की आहे तीच नीट करून घ्यावी?

नाशिकचा माझा भाचा दोन वर्षं एकाच गिटारवर शिकतोय. साडेनऊ हजारांची, प्लायवुडची साधी अॅकॉस्टिक. आता त्याच्याकडे २५ हजार रुपये साठलेत आणि रोज रात्री मला फोटो येतात. "मामा, ही बघ." दुसऱ्या दिवशी दुसरीच. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिली, पण निळ्या रंगातली.

ही ओढ मला चांगली माहीत आहे. माझ्याकडे आज पाच गिटारी आहेत, एके काळी सात होत्या. जगभरचे गिटारवाले तिला ‘गॅस’ म्हणतात, म्हणजे गिअर अॅक्विझिशन सिंड्रोम. खोकं उघडल्यावर येणारा ताज्या लाकडाचा आणि लॅकरचा वास, पहिल्या रात्री जेवणाचंही भान न राहणं, हे सगळं खरं असतं. त्या आठवड्यात माणूस खरोखर जास्त वाजवतो. म्हणून मी त्याला ‘घेऊ नकोस’ म्हटलं नाही. त्याच २५ हजारांत काय काय होऊ शकतं ते शेजारी शेजारी मांडून दिलं. तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

नवी गिटार की सेटअप

मी त्याला आधी एकच विचारलं, हातातली का नको झाली? उत्तर आलं, "एफ वाजत नाही. बारे धरला की दोन तारा मुक्या होतात, आणि दहा मिनिटांत मनगट भरून येतं." (एफ हा एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर; बारे म्हणजे एकाच बोटाने तारा आडव्या दाबणं.)

व्हिडिओ कॉलवर त्याला गिटार घेऊन बसवलं. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पत्त्या) दाबायला सांगितली आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि पत्ती यांच्यामधली फट बघायला लावली. ती केसाइतकी असायला हवी, तार फ्रेटला जवळजवळ टेकलेली दिसली पाहिजे. याच्या गिटारमध्ये व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकलं. मग बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी धरायला लावली, तर सहावी तार साडेतीन मिलिमीटर वर. अॅकॉस्टिकला तिथे अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक असतं, बारीक पहिल्या तारेला दोनच्या आत.

याचा अर्थ, पोराच्या बोटांत दोष नव्हता. पहिल्या फ्रेटवरचा बारे हा नटजवळच, म्हणजे मानेच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेल्या तुकड्याजवळच धरायचा असतो, आणि नटच्या खाचा उंच असतील तर तिथे तार दाबायला बराच जास्त जोर लागतो. स्वस्त गिटारींमध्ये खाचा मुद्दाम थोड्या उंच ठेवलेल्या असतात. उंच तार खडखडत नाही, त्यामुळे दुकानात कुणी तक्रार करत नाही. खाच नेमकी खोल करणं हे हाताचं, वेळखाऊ काम आहे आणि त्या किमतीत ते बसत नाही.

सेटअपमध्ये कारागीर काय करतो? मानेतली ट्रस रॉड नावाची धातूची सळी फिरवून मानेचा बाक ठीक करतो, नटच्या खाचा बारीक कानशीने खोल करतो आणि पाटावर तारा जिथे अडकतात त्या ब्रिजमधली पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, खालून घासतो. यात एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून तिथे अर्धा मिलिमीटर उतरवायचा असेल तर सॅडल पूर्ण एक मिलिमीटर घासावं लागतं. घरी सँडपेपर घेऊन बसणारे इथेच फसतात. एकदा जास्त घासलं गेलं की ते परत येत नाही, नवीन सॅडल घ्यावं लागतं. पुण्यात मी गेल्या वर्षी या सगळ्याचे दीड हजार दिले, तारा वेगळ्या. अडीच हजारांच्या आत काम झालं.

आपल्याकडे ही गोष्ट खरं तर नवी नाही. तंबोऱ्याचा आवाज बसला तर कुणी नवा तंबोरा आणायला धावत नाही. मिरजेच्या कारागिराकडून जवारी काढून आणतो, आणि तोच तंबोरा पुन्हा बोलायला लागतो. सतारीचे पडदे बांधून घेतो. गिटार मात्र खोक्यातून आलेली वस्तू वाटते म्हणून तिला कधी कारागिराचा हात लागत नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या गिटारी घेतल्या दिवसापासून एकदाही सेट झालेल्या नाहीत, आणि त्यांपैकी बरेचजण दुसरी शोधतायत.

सेटअपनेही न सुटणाऱ्या गोष्टी आहेत. मान पिळली गेली असेल, ब्रिज मागून उचकटून वर आला असेल, फ्रेटवर तारांचे खोल चर पडले असतील, तर स्वस्त गिटारवर खर्च करू नका. सगळे फ्रेट बदलण्याचा खर्च अशा गिटारच्या किमतीलाच जाऊन भिडतो. तिथे सरळ नवी घ्यावी.

त्याच जातीची दुसरी

माझ्या सातांपैकी दोन गेल्या त्या याच कारणाने. माझ्याकडे एक चांगली ड्रेडनॉट होती. ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या पोटाची, आपल्याकडे सगळीकडे दिसते ती. तरी मी २२ हजारांना दुसरी ड्रेडनॉट आणली, कारण व्हिडिओत तिचा खर्ज भरदार वाटला. दोन महिन्यांनी एका मित्राने दोन्हींवर तोच तुकडा, त्याच पिकने, त्याच तारांचे नवे सेट लावून फोनवर रेकॉर्ड केला आणि कुठली कुठली ते न सांगता मला ऐकवला. सहा वेळा ऐकलं. तीनदा बरोबर, तीनदा चूक, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. फरक होता तो जुन्या, गंजलेल्या तारांचा. ती गिटार मी साडेबारा हजारांना विकली.

इथे दोन मोठ्या वादकांचं उदाहरण द्यावंसं वाटतं. ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मरकडे शंभरावर गिटारी होत्या. २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात त्याने १२० हून अधिक गिटारी विकल्या, सुमारे २ कोटी १५ लाख डॉलर आले आणि ते त्याने पर्यावरणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दिले. पण त्यात सगळ्यात महाग, जवळजवळ ४० लाख डॉलरना, गेली ती १९७० मध्ये घेतलेली एक काळी स्ट्रॅटोकास्टर, फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार. त्याचे अनेक गाजलेले सोलो तिच्यावरचे आहेत. दुसरीकडे अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सन. १९६९ साली त्याने मार्टिन कंपनीची एक एन-२० गिटार न बघताच घेतली, आणि नव्वदी ओलांडली तरी तो तीच वाजवत आला. ती नायलॉन तारांची, तिला पिकगार्ड, म्हणजे पिकच्या ओरखड्यांपासून लाकूड वाचवणारा पातळ तुकडा, नाही, त्यामुळे पिक घासून घासून ध्वनिछिद्राशेजारी दुसरं भोक पडलंय. ती त्याने बदलली नाही, वेळोवेळी कारागिराकडून दुरुस्त करून घेतली. मला दोघांचाही आदर वाटतो. पण मर्यादित पैशांत निवडायचं असेल तर मी विली नेल्सनच्या वाटेने जाईन.

दुसरी घ्यायचीच तर कुठली

दुसरी गिटार पहिलीला न जमणारं काम करणारी असावी, एवढाच माझा निकष आहे. त्यात खरी स्पर्धा दोघींत, इलेक्ट्रिक आणि नायलॉन तारांची.

बोटांना काय जाणवतं ते आकड्यांत बघा. अॅकॉस्टिकवर बाराचा सेट (हा आकडा तारांच्या जाडीचा) लावला तर सहा तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या पुढे जातो. इलेक्ट्रिकवर दहाचा सेट लावला तर ४५-४७ किलो. नायलॉनवर त्याहून कमी, ४० च्या आसपास. ज्याची बोटं दुखतात त्याला या दोन्हींवर सुटका आहे. पण नायलॉनची मान रुंद असते, नटपाशी ५२ मिलिमीटर, तर स्टीलच्या तारांच्या गिटारची ४३ च्या आसपास. लहान हाताला नायलॉनवर बारे पुन्हा अवघड जातो. बोटांनी एकेक सूर उचलणाऱ्याला मात्र तीच रुंदी वरदान आहे, बोटं एकमेकांत अडकत नाहीत.

इलेक्ट्रिकची एक बाजू जाहिरातीत कुणी सांगत नाही. फ्लॅटमध्ये रात्री अकरा वाजता, शेजारच्या खोलीत मूल झोपलेलं असताना, ती अॅम्पशिवाय किंवा हेडफोन लावून वाजवता येते. माझा रोजचा रियाज दहा मिनिटांवरून पाऊण तासावर गेला तो केवळ यामुळे. पण किंमत नुसत्या गिटारची धरू नका. छोटा प्रॅक्टिस अॅम्प, केबल, पट्टा, हे धरून २५ हजारांपैकी गिटारला १६-१७ हजारच उरतात. त्यात यामाहा पॅसिफिका किंवा स्क्वायरच्या सुरुवातीच्या मॉडेलांपैकी एखादी बसते आणि शिकायला ती उत्तम आहे. वाद्यवृंदात हिंदी-मराठी गाण्यांना साथ करायची असेल तर इलेक्ट्रिक, घरात बसून एकट्याने सूर काढत बसायचं असेल तर नायलॉन. बारा तारांची गिटार कानाला फार सुंदर लागते, पण दुसरी म्हणून नको. पावसाळ्यात ती लावण्यातच संध्याकाळ जाते.

भरीव पाट की प्लायवुड

‘सॉलिड टॉप’, म्हणजे गिटारच्या पुढचा पाट भरीव लाकडाचा, हा शब्द ऐकला की सगळ्यांची बोटं विकत घ्यायच्या बटणाकडे जातात, माझीही गेली. यामाहाची एफजी ८०० ही सॉलिड स्प्रूसच्या पाटाची, या किमतीतली फार चांगली गिटार आहे. भरीव लाकडाचा पाट मोकळा कंप पावतो, आवाजाला खोली येते. हा फरक खरा आहे, तो मला डोळे मिटूनही कळतो.

पण तुम्ही राहता कुठे? गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. रत्नागिरीत किंवा मुंबईत जुलैमध्ये हवा नव्वदीकडे जाते. भरीव पाट पाणी शोषून फुगतो, ब्रिजमागे पोट येतं, तारा वर जातात, आणि जूनमध्ये लोण्यासारखी वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये हात दुखवते. नागपुरात मे महिन्यात उलट. आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरली की लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोचायला लागतात, पाटाला चीरही जाऊ शकते. प्लायवुडचे थर एकमेकांच्या आडव्या रेषांनी चिकटवलेले असतात, म्हणून ते इतकं हलत नाही. समुद्राकाठी राहणाऱ्याला, गिटार भिंतीवर टांगून ठेवणाऱ्याला मी प्लायवुडचीच सुचवेन. भरीव पाटाची घ्यायची तर बंद केस, आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणि केसमध्ये पावसाळ्यात सिलिका जेल, उन्हाळ्यात ओलसर स्पंज, एवढी शिस्त पाळावी लागते. आर्द्रतामापक चार-पाचशे रुपयांत येतो, आणि माझ्या मते नव्या गिटारच्या आधी घ्यायची वस्तू तीच.

अमेरिकेतल्या मावसभावाकडून मागवणाऱ्यांनाही हेच सांगतो. तिकडे हिवाळ्यात घरं तापवतात, हवा कोरडी ठणठणीत असते. त्या घरातून थेट आपल्या दमट हवेत आलेली गिटार पहिल्याच महिन्यात रंग बदलते. ती केसमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांनी सेटअप करून घ्यावी. शिसवी लाकडाची भीती मात्र आता बाळगू नका. आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसवी, ज्याला गिटारवाले इंडियन रोजवुड म्हणतात, २०१७ साली इतर रोजवुडांसोबत साइट्स या, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बंधनांत आला आणि गिटारी सीमेपार नेणं किचकट झालं. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. कागदपत्रं लागतात ती ब्राझिलियन रोजवुडच्या वाद्यांना.

वापरलेली गिटार

माझा कल वापरलेलीकडे आहे. वर लिहिलं तसं, नव्या गिटारची किंमत काही महिन्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक उतरू शकते. हे नुकसान आधीच्या मालकाने सोसलेलं बरं. फक्त हातात न घेता पैसे देऊ नका. डोळ्याशी धरून मानेवरून नजर टाका, ब्रिजच्या मागे कागद सरकतो का बघा, आणि डोकं नि मान यांच्या सांध्यावर पॉलिशखाली बारीक रेघ दिसते का ते उजेडात तपासा. त्या रेघेचा अर्थ बहुतेकदा डोकं तुटून चिकटवलेलं असतं. एकदा घाईत मी ती पाहिली नाही, आणि विकणाऱ्यानेही सांगितली नाही.

भाच्याने आधी सेटअप केला. परवा त्याचा आवाजी निरोप आला, त्यात बोलणं काहीच नव्हतं, फक्त सी, एफ, जी, परत सी. एफमधल्या सहाही तारा वाजत होत्या. इलेक्ट्रिकची इच्छा अजून आहे, आणि ती मला रास्त वाटते, कारण त्याला कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायचंय. शनिवारी आम्ही दुकानात जातोय. त्याला म्हटलंय, स्वतःची गिटार पाठीवर घेऊन ये, आणि तिथली प्रत्येक गिटार वाजवून झाली की लगेच तोच तुकडा आपलीवर वाजव.