पाय-पी-आय आणि पायथन फाउंडेशन: फुकटातली सर्व्हिस आणि नाकारलेले 15 लाख डॉलर

साडेचार स्टार. आधी सर्व्हिसबद्दल लिहितो आणि मग त्या विषयाबद्दल ज्यावरून आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर अजून वाद होतात, की प्रोग्रॅमिंग लँग्वेज चालवणाऱ्या लोकांनी राजकीय भूमिका घ्यावी का नाही. दोन्ही एकत्र का लिहितोय ते पुढे कळेलच, कारण इथे भूमिकेचा थेट परिणाम सर्व्हिसवर झालाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पायथन या प्रोग्रॅमिंग लँग्वेजमध्ये काम करताना आपण पिप इन्स्टॉल ही कमांड मारतो तेव्हा पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, जिथून येतं ती जागा म्हणजे पायथन पॅकेज इंडेक्स, सगळे पाय-पी-आय म्हणतात. सहा लाखांवर प्रोजेक्ट आहेत तिथे. नम्पाय, पांडास, जँगो, रिक्वेस्ट्स, सगळं तिथूनच येतं, मग तुम्ही बँकेचं सॉफ्टवेअर करा नाहीतर कॉलेजचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. डाउनलोड करायला पैसे नाहीत, अकाउंट नाही, जाहिरात नाही. हे चालवते पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन, 2001 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ना-नफा संस्था. पगारी माणसं 14, वर्षाचं बजेट साधारण 50 लाख डॉलर, आणि एवढा प्रचंड डेटा वाहून न्यायचं काम फास्टली ही कंपनी देणगी म्हणून करते. आपल्याकडे एखाद्या मध्यम आयटी कंपनीचं ऑफिसचं भाडं आणि कँटीन मिळून जेवढा खर्च होत असेल तेवढ्यात ही माणसं अख्ख्या जगाचं पायथन चालवतात, हे आधी डोक्यात ठेवा.

स्पीडबद्दल तक्रार नाही. साईट साधी आहे, सर्च ठीकठाक, पॅकेजचं पान उघडलं की जुनी व्हर्जन्स, फाईली, हॅश (फाईल बदललेली नाही ना ते तपासायचा कोड), मेंटेनर म्हणजे पॅकेज सांभाळणारा कोण ते सगळं समोर दिसतं. जुनं व्हर्जन पाहिजे असेल तर मिळतं, आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, पाच वर्षांपूर्वीचा कोड सांभाळणाऱ्या माणसाला विचारा याची किंमत काय असते.

खरा प्रश्न सिक्युरिटीचा. पाय-पी-आयवर कोणीही पॅकेज टाकू शकतो, तीच त्याची ताकद आणि तीच भीती. 2019 च्या डिसेंबरमध्ये एक नकली पॅकेज सापडलं होतं, नाव जेलीफिश या खऱ्या पॅकेजसारखंच, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या एलच्या जागी कॅपिटल आय. तुम्ही स्क्रीनवर कितीही डोळे फाडून बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही अगदी सारखेच दिसतात. ते डेव्हलपरच्या मशीनवरच्या एसएसएच आणि जीपीजी कीज, म्हणजे सर्व्हरवर शिरायच्या आणि सही करायच्या डिजिटल किल्ल्या, चोरत होतं आणि जवळपास वर्षभर तिथे पडून होतं. त्याआधी 2018 मध्ये कलरामा या पॅकेजच्या नावाचं ब्रिटिश स्पेलिंग घेऊन कोणीतरी नकली पॅकेज टाकलं होतं, ते क्लिपबोर्डवरचा बिटकॉइनचा पत्ता गुपचूप बदलायचं. आपण भारतात शाळेत ब्रिटिश स्पेलिंगच शिकतो, म्हणजे हा सापळा आपल्यासाठीच लावलाय असं वाटावं.

तेव्हापासून त्यांनी काम बरंच केलंय हे मान्य करायलाच हवं. 2023 मध्ये ट्रस्टेड पब्लिशिंग आणलं, म्हणजे पॅकेज टाकताना कायमचा पासवर्ड किंवा टोकन कुठे ठेवायची गरज नाही. 2024 च्या सुरुवातीपासून पॅकेज टाकणाऱ्या प्रत्येकाला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक ओळख) सक्तीचं झालं, त्यावरून लोकांनी कटकट केली पण निर्णय बरोबरच होता. तरी डिसेंबर 2024 मध्ये अल्ट्रालिटिक्सचं पॅकेज, जे इमेजमधल्या वस्तू ओळखायला हजारो लोक वापरतात, त्याच्या चार व्हर्जन्समध्ये क्रिप्टो मायनर, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर चोरून क्रिप्टो चलन कमावणारा कोड, शिरलाच, कारण हल्ला त्यांच्या बिल्ड सिस्टीमवर, म्हणजे पॅकेज तयार करणाऱ्या यंत्रणेवर झाला होता. म्हणजे कुलूप चांगलं आहे, पण आत येणारा माल उघडून तपासणारी यंत्रणा अजून पुरेशी नाही. आज मुख्यतः काय होतं तर पॅकेज येतं, कोणीतरी तक्रार करतं, मग ते काढलं जातं. मधल्या वेळात ज्यांनी इन्स्टॉल केलं ते गेले कामातून.

आणि इथेच राजकारण येतं.

हीच तपासणी आपोआप, पॅकेज अपलोड होतानाच करायची यंत्रणा बनवायला फाउंडेशनने अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अर्ज केला होता. दोन वर्षांसाठी 15 लाख डॉलर, आपल्या पैशात तेरा कोटींच्या आसपास. त्यांच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं अनुदान ठरलं असतं. शिफारस झाली, पैसे जवळपास हातात आले, आणि मग अटी वाचल्या. त्यात लिहून द्यायचं होतं की संस्था विविधता, समता, समावेश यांना चालना देणारे, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या भेदभावविरोधी कायद्यांचं उल्लंघन करणारे कोणतेही कार्यक्रम चालवत नाही आणि अनुदान असेपर्यंत चालवणार नाही. फक्त या प्रोजेक्टपुरतं नाही हं, संस्थेच्या सगळ्या कामाला ही अट लागू. आणि अट मोडली असं सरकारला वाटलं तर आधी दिलेले आणि खर्च झालेले पैसेही परत मागता येणार. ऑक्टोबर 2025 मध्ये बोर्डाने एकमताने अर्ज मागे घेतला आणि सगळं कारण जाहीर केलं.

गणपती मंडळात काम केलेल्यांना हे लगेच कळेल. एखादा बडा माणूस मोठी वर्गणी देतो म्हणाला, पण अट अशी की वर्षभर मंडळाच्या कुठल्याच कार्यक्रमात काय करायचं ते मी ठरवणार, आणि मला पटलं नाही तर मांडवाचे दिलेले पैसेही परत घेणार. कुठला शहाणा खजिनदार सही करेल?

आमच्या टीममधल्या एका सिनियरचं म्हणणं वेगळं होतं आणि ते मी इथे नीट मांडतो, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. तो म्हणाला की अटीत स्पष्ट लिहिलंय 'कायद्याचं उल्लंघन करणारे', मग तुम्ही कायदा मोडत नसाल तर सही करायला काय जातं, पैसे घ्या आणि मालवेअर थांबवा, इथे लोकांच्या कीज चोरीला जातायत आणि तुम्ही तत्त्वं घेऊन बसलात. ऐकायला बरोबर वाटतं. पण कायदा मोडला की नाही हे ठरवणार कोण, तर तेच सरकार ज्याने ही अट घातली. आणि 14 माणसांच्या संस्थेकडून अर्धे खर्च झालेले कोट्यवधी रुपये परत मागितले तर त्या दिवशी पाय-पी-आयचा सर्व्हर कोण चालवणार? मला वाटतं त्यांनी सही न करणं हे तत्त्व म्हणूनही बरोबर आणि निव्वळ हिशेब म्हणूनही बरोबर.

शिवाय ही भूमिका त्यांनी हवेतून काढलेली नाही. पायथनची वाढ करायची आणि विविध, आंतरराष्ट्रीय अशी प्रोग्रॅमर्सची कम्युनिटी वाढवायला मदत करायची, हे त्यांच्या मिशन स्टेटमेंटमध्येच आहे. ती नुसती वाक्यं नाहीत. जगभरच्या कॉन्फरन्स, महिला प्रोग्रॅमर्सचे पायलेडीज ग्रुप, मुलींना वेब प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या जँगो गर्ल्सच्या वर्कशॉप यांना या संस्थेने वर्षानुवर्षं पैसे दिलेत. आमच्याकडे एक मुलगी आहे, लातूरची, आज आमच्या डेटा पाईपलाईनचा अर्धा भाग ती सांभाळते. तिने आयुष्यातला पहिला वेब ॲप अशाच मुलींसाठीच्या फुकट वर्कशॉपमध्ये बनवला. कॉलेजच्या लॅबमध्ये कीबोर्ड कायम मुलांच्या हातात असायचा आणि ही मागे उभी राहून वहीत लिहून घ्यायची, असं ती सांगते. त्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा दिवसभर एक लॅपटॉप तिच्या एकटीच्या समोर होता. आता कोणी म्हणेल की अशी वर्कशॉप घेणं म्हणजे राजकारण. ठीक आहे, असेल. मग हे राजकारण पाहिजेच, कारण पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात बसलेले आपण सगळे त्या 'आंतरराष्ट्रीय' शब्दामुळेच आत आहोत.

पण याचा अर्थ लँग्वेजवाल्यांनी कुठल्याही विषयावर काहीही करावं असं मी म्हणत नाही. मार्च 2022 मध्ये जावास्क्रिप्टच्या दुनियेत नोड-आयपीसी या पॅकेजच्या मेंटेनरने युक्रेन युद्धाच्या निषेधात असा कोड घातला की मशीनचा पत्ता रशिया किंवा बेलारूसचा दिसला की फाईलींमधला मजकूर पुसून तिथे हार्टचं चिन्ह. व्ह्यू सीएलआयसारखं मोठं टूल या पॅकेजवर अवलंबून होतं, म्हणजे ज्याने नोड-आयपीसीचं नावही ऐकलं नव्हतं त्याच्या मशीनवरही तो कोड पोचला. युद्ध चुकीचंच होतं, माझं त्याबद्दल दुमत नाही, पण दुसऱ्याच्या मशीनवर चालणाऱ्या कोडमध्ये हात घालणं ही भूमिका नव्हे, तो विश्वासघात आहे. आज रशिया, उद्या तुमचा देश. जेलीफिशच्या चोरात आणि यात हेतूचा फरक असेल, पण ज्याच्या फाईली गेल्या त्याला काय फरक पडतो?

त्याच्या उलट रस्ट या लँग्वेजवाल्यांनी 24 फेब्रुवारी 2022 ला, हल्ला झाला त्याच दिवशी त्यांचं 1.59 व्हर्जन यायचं होतं, तर रिलीजच्या घोषणेत वरती युक्रेनच्या लोकांसोबत असल्याचं लिहिलं आणि खाली नेहमीसारखी फीचर्स. कंपायलर (कोड मशीनला चालवता येईल असा करणारं टूल) सगळ्यांना तोच मिळाला, मॉस्कोतल्या पोरालाही. गो या लँग्वेजच्या साईटवर 2020 मध्ये ब्लॅक लाइव्हज मॅटर या अमेरिकेतल्या वंशभेदविरोधी चळवळीची पट्टी होती, तीही तशीच, वाचा नाहीतर पुढे जा. याने कोणाचं काम अडत नाही. लोक म्हणतात हे फक्त दाखवायला, मला तसं वाटत नाही, पण एवढं मात्र खरं की अशा पट्टीची किंमत पट्टी लावणाऱ्याला फारशी मोजावी लागत नाही. तेरा कोटी सोडणं ही वेगळी गोष्ट आहे.

पायथनवाल्यांचंही सगळंच मला पटलेलं नाही. 2020 मध्ये पायथन कोड कसा लिहावा याच्या पेप 8 या स्टाईल गाईडमधून, इंग्रजीच्या एका जुन्या अमेरिकन पुस्तकाप्रमाणे कमेंट (कोडमधल्या टिपा) लिहा हा सल्ला काढला आणि त्याऐवजी वाचणाऱ्याला स्पष्ट समजेल असं लिहा असं घातलं. बदल उत्तम, आपल्यासारख्या इंग्रजी दुसरी भाषा असलेल्यांच्या तर फायद्याचाच. पण त्या बदलाच्या कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबत लिहायच्या नोंदीत, थेट गोऱ्यांच्या वर्चस्ववादावर भाष्य होतं, आणि मग सगळी चर्चा कमेंट कशा लिहाव्यात यावरून उठून त्या एका मेसेजवर गेली. ज्यांना बाहेरून येऊन नुसतं भांडायचं होतं त्यांना आयतंच मिळालं. बदल करायचा तर करा, कारण साधं सांगा.

आणि ज्यांना वाटतं की टेक्नॉलॉजी राजकारणापासून लांब ठेवता येते त्यांनी 2019 मधलं कोड ठेवायच्या गिटहब या साईटचं प्रकरण आठवावं, अमेरिकन निर्बंधांमुळे इराण, सीरिया, क्रिमियातल्या डेव्हलपर्सची खाती अडकली होती. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मेंटेनर्सच्या यादीतून रशियाशी संबंधित काही नावं काढली गेली, तेही निर्बंधांमुळेच. ही भूमिका कोणी हौसेने घेतली नव्हती, कायद्याने घ्यायला लावली. आपण ज्या सर्व्हिसेसवर उभे आहोत त्यातल्या बहुतेक अमेरिकन कायद्याखाली आहेत, त्यामुळे गप्प बसलं की राजकारण लांब राहतं हा समज सोडलेला बरा. फाउंडेशनचा मला आवडलेला भाग हा की निर्णयाची किंमत त्यांनी स्वतः मोजली, वापरणाऱ्याच्या मशीनला हात लावला नाही, आणि काय सोडलं, का सोडलं ते आकड्यासकट सांगितलं.

किंमत आपणही मोजतोय हे लपवून उपयोग नाही. ती तपासणीची यंत्रणा या पैशातून होणार नव्हती, दुसरीकडून पैसे उभे करावे लागणार होते. त्यातच ऑगस्ट 2025 मध्ये पैशाअभावी त्यांना कॉन्फरन्स आणि वर्कशॉपची अनुदानंही थांबवावी लागली होती. अर्धा स्टार कापलाय तो याच तपासणीसाठी, आणि थोडा सपोर्टसाठी, पडून राहिलेल्या पॅकेजचं नाव मागायला अर्ज केला तर उत्तराची फार वाट बघावी लागते.

तर वापरा, बिनधास्त वापरा, पण पॅकेजचं नाव टाईप करू नका, अधिकृत डॉक्युमेंटेशनमधून कॉपी करा, लॉकफाईल (कुठल्या पॅकेजचं कुठलं व्हर्जन ते पक्कं करणारी फाईल) ठेवा, हॅश तपासायला लावा, आणि नवीन व्हर्जन आलं की त्याच दिवशी प्रॉडक्शनवर चढवू नका. आणि फाउंडेशनची सपोर्टिंग मेंबरशिप वर्षाला 99 डॉलर आहे, परवडत नसेल तर कमी देऊनही घेता येते, बोर्डाच्या निवडणुकीत मतही देता येतं. मी घेतलीये. आमच्या कंपनीतही मॅनेजमेंटकडे मेल टाकलाय की जे सॉफ्टवेअर फुकट वापरून आपण बिलं काढतो त्यांना वर्षाला काहीतरी द्या, उत्तर यायचंय, पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये परत काढणार आहे.