नागपुरात बर्गर आणि सुशी: पावसाळ्यापासून मेपर्यंत खाऊन झाल्यावरचा अनुभव

पश्चिम नागपुरातल्या या बर्गर-सुशीच्या ठिकाणी एकदाच जाणार असाल तर सुशी घ्या. बर्गरही चांगला आहे, त्याबद्दल पुढे लिहिते, पण आमचं घर तिथे टिकलं ते भातामुळे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही जायला लागलो, आता मे संपत आला. थंडीत गेलो, पंचेचाळीसच्या उन्हात गेलो, सोमवारी शांतपणे बसलो, रविवारी ताटकळलो, घरीही मागवून पाहिलं. पहिल्या भेटीत माणूस दिवे आणि भिंतीवरची चित्रं बघतो. भात रोज तसाच लागतो का, हे कळायला इतके महिने लागतात. हॉटेलचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत, आणि जे बघून घ्या म्हणतेय ते अशा मेन्यूच्या कुठल्याही जागी उपयोगी पडेल.

आधी भात. सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताचे, बहुतेक वेळा नोरीत (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पानात) गुंडाळून कापलेले जपानी तुकडे. तिला लागतो तो आखूड, गोलसर दाण्याचा जपानी जातीचा तांदूळ. शिजल्यावर दाणे एकमेकांना धरतात, पण लगदा होत नाही. बासमतीत अमायलोज, म्हणजे दाणे चिकटू न देणारा स्टार्च, जास्त, म्हणून तो मोकळा होतो. तो वापरून रोल केला तर कापतानाच विस्कटतो. गरम भातात व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून तो पसरट भांड्यात उलथन्याने कापत कापत मिसळतात, वारा घालून निववतात आणि ओल्या फडक्याखाली कोमट ठेवतात. कोमट हा शब्द महत्त्वाचा. फ्रिजमध्ये गेला की भातातला स्टार्च घट्ट होतो, दाणा आतून कडक लागतो, आणि मग वर कितीही सॉस ओता, उपयोग नाही. व्हिनेगरच्या आंबटपणामुळेच हा भात काही तास बाहेर ठेवता येतो. साध्या भाताला आपल्या उन्हाळ्यात ती मुभा नाही.

माझे सासरे गोंदियाकडचे, धानाच्या घरातले. मासळीबद्दल त्यांना काही पडलेलं नव्हतं. पहिला तुकडा त्यांनी हातात घेतला, कडेचे चार दाणे काढून बोटांत दाबून पाहिले, मग तोंडात टाकले. मी विचारलं, "कसा आहे बाबा?" म्हणाले, "भात बरोबर शिजला. मोडला नाही अन् गिचकाही नाही झाला. थोडा गोड करून राहिले, पण चांगला आहे." भंडारा-गोंदियाच्या माणसाने बाहेरच्या भाताला चांगला म्हणणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे. तेव्हापासून ते काकडीचा रोल आणि कोळंबी टेंपुराचा (पातळ पिठात बुडवून तळलेल्या कोळंबीचा) रोल असे दोनच प्रकार मागतात, आणि त्यांचं बरोबर आहे. काकडीच्या रोलमध्ये लपायला जागा नसते. भात, नोरी, काकडी, वर थोडे तीळ. हा नीट जमला तर बाकीच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही.

काउंटरसमोर जागा मिळाली तर तिथेच बसा. रोल करणारा मुलगा पाण्यात थोडं व्हिनेगर घातलेल्या वाटीत बोटं बुडवतो, टाळ्या वाजवून जास्तीचं पाणी झटकतो आणि नोरीवर भात पसरतो. दाबत नाही, नुसता ढकलत नेतो. पलीकडच्या कडेला बोटभर पट्टी रिकामी सोडतो, चिकटायला. बांबूच्या चटईने गुंडाळून झालं की सुरी ओल्या फडक्याने पुसून एक काप, पुन्हा पुसून दुसरा. गर्दीच्या वेळी हे पुसणं बंद होतं, आणि ते प्लेटमध्ये लगेच दिसतं: कापाच्या तोंडाशी भात ओढलेला, काकडी बाहेर आलेली. मी आता प्लेट आली की आधी कापाकडे बघते.

नोरीचं गणित नागपुरात ऋतूप्रमाणे बदलतं. ही समुद्री शेवाळाची वाळवलेली पानं, हवेतला ओलावा भसकन ओढतात. ऑगस्ट-सप्टेंबरात सुळक्यासारखा गुंडाळलेला हँड रोल टेबलावर येईपर्यंत चिवट व्हायचा, दाताने तुटायचाच नाही. हिवाळ्यात आणि आता कोरड्या उन्हाळ्यात तोच कुरकुरीत येतो. पावसाळ्यात गेलात तर भात बाहेर आणि नोरी आत असलेले रोल घ्या, त्यात फरक जाणवत नाही. ही उलटी पद्धत उत्तर अमेरिकेत रुळलेली, शेवाळाची सवय नसलेल्यांना सोयीची. आपल्याकडेही नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी.

कच्च्या माशाचा प्रश्न मला सगळ्यांकडून येतो. नागपूरहून कुठल्याही बाजूला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. या ठिकाणी कच्चा मासा ठेवतच नाहीत, आणि मला त्यांचा हा निर्णय मनापासून पटला. कच्चा खायचा मासा ताजा असून भागत नाही. त्यातले परजीवी मारायला अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या (एफडीए) मार्गदर्शनाप्रमाणे तो उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस, किंवा उणे 35 अंशाला पक्का गोठवून त्याच तापमानात 15 तास ठेवावा लागतो. पुढे ताटात येईपर्यंत थंडीची साखळी तुटता कामा नये. हे ज्याला जमतं त्याने जरूर द्यावं. नुसत्या मेन्यूवरच्या शोभेसाठी देऊ नये. इथे कोळंबी तळलेली किंवा उकडलेली, सॅमन धुरावलेला, आणि क्रॅब स्टिक. क्रॅब स्टिकमध्ये खेकडा नसतो, पांढऱ्या माशाच्या मांसाचा लगदा (सुरीमी) असतो, त्यात गहू आणि अंड्याचा पांढरा भागही बहुधा असतो. ॲलर्जी असणाऱ्यांनी लक्षात ठेवा. सोया सॉसमध्येही गहू असतो.

शाकाहारी मंडळींसाठी सगळ्यात कामाची गोष्ट: मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं जपानी सूप. वाटीत टोफू आणि हिरवी कांद्याची पात तरंगताना दिसते, म्हणून ते शाकाहारी समजून प्यायलं जातं. पण त्याचा मूळ रस्सा, दाशी, बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या सालपटांपासून करतात. फक्त कोम्बू शेवाळाची दाशी असेल तरच ते शाकाहारी. इथे मी विचारलं तेव्हा वाढणाऱ्या मुलाला माहीत नव्हतं, पण त्याने आत जाऊन पाकीट आणून दाखवलं. त्यावर मासा होता. माझ्या आईसाठी घेणार होतो, रद्द केलं. पुढच्या महिन्यात मेन्यूवर त्याच्यापुढचा हिरवा ठिपका गेला होता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. टेंपुराच्या पिठात अंडं आहे का, मेयो अंड्याचं की बिनअंड्याचं, तळायची कढई वेगळी आहे का, हेही विचारा. इथे कढई एकच आहे. आई म्हणूनच तिथे काही तळलेलं खात नाही. ॲव्होकॅडो-काकडी आणि लोणच्यातल्या मुळ्याचा रोल घेते.

हिरवा गोळा वासाबी म्हणून येतो. अशा ठिकाणी तो बहुतेक हॉर्सरॅडिश (मुळ्यासारखं एक झणझणीत मूळ), मोहरी आणि रंग असतो. खरी वासाबी महाग आणि किसल्यावर लवकर उतरते. त्यामुळे फसवलं असं मी म्हणणार नाही, सगळीकडे असंच आहे. फेसलेल्या मोहरीचं लोणचं जसं थेट नाकात चढतं तसंच हे चढतं, आणि कारणही एकच, दोन्हीतला झोंबणारा पदार्थ तोच. गुलाबी आल्याच्या चकत्या तुकड्यावर ठेवून खाऊ नका, दोन तुकड्यांच्या मधे खा, तोंड साफ करायला आहेत त्या. आणि सोया सॉसमध्ये भाताची बाजू बुडवू नका. भात सॉस पितो आणि सुटतो.

फ्यूजन म्हणून जे येतं त्यातलं बरंचसं मला नको असतं. चीज आणि शेझवान घातलेला रोल मुलांना आवडतो, मला तो वाया घालवलेला भात वाटतो. पण एक गोष्ट इथे अशी आहे की जी नागपुरातच व्हायला हवी होती: संत्र्याची पॉन्झू. पॉन्झू म्हणजे आंबट लिंबूवर्गीय फळांचा रस आणि सोया सॉस यांची पातळ जपानी चटणी. आपला संत्रा गोड, म्हणून ते त्यात लिंबू पिळतात आणि सालीचा कीस घालतात. संत्र्याचे दोन हंगाम असतात: हिवाळ्यात आंबिया बहाराच्या फळाची चाखली, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची. दुसरी जास्त आवडली, गोडी भरलेली आणि सालीचा वास दाट. आता उन्हाळ्यात ती मेन्यूवर नाही. बाटलीतला रस वापरून वर्षभर ओढली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

आता बर्गर. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्यानंतर गोवंशाचं मांस नाही, तेव्हा चिकन, मटण आणि शाकाहारी, एवढंच. मटणाचा बर्गर घ्या. पॅटी जाड ठेवत नाहीत, तापलेल्या तव्यावर दाबून पातळ करतात, कडा तपकिरी आणि खरपूस होतात. सगळी चव त्या कडांत असते. बन आतल्या बाजूने लोण्यावर भाजलेला असतो, त्यामुळे रस खाली झिरपत नाही. सावजी चिकन बर्गरबद्दल मी साशंक होते, कारण सावजीची जान रश्शात, आणि रस्सा बनमध्ये बसत नाही. त्यांनी रस्सा आटवून चटणीसारखा केलाय. खसखस आणि दगडफूल जाणवतं, तिखटपणा नाकापर्यंत येतो. सावजी खाणावळीत बसून खाल्लेल्या मटणाची जागा तो घेत नाही, पण नावाला लाज आणत नाही. शाकाहारी पॅटी मात्र मऊ, बटाटा जास्त. त्यात अजून काही फरक पडलेला नाही.

घरी मागवण्याबद्दल एका वाक्यात: बर्गर मागवा, सुशी नको. आमच्याकडे दोन्ही वेळा सुशी थंडगार आली, भात खडूसारखा, म्हणजे फ्रिजमधून काढून दिलेला. फोन केला तेव्हा त्यांनी नाकारलं नाही. उन्हाळ्यात रस्त्यात खराब होऊ नये म्हणून तसं करतो म्हणाले. कारण समजण्यासारखं आहे, पण मग अॅपवर सुशी ठेवू नये. त्याच पैशात माणसाचा सुशीबद्दल कायमचा गैरसमज होतो.

दुसरी तक्रार बिलाची. सुरुवातीला बिलात दहा टक्के सेवा शुल्क आपोआप लागलेलं असायचं. काढा म्हटल्यावर काढायचे, पण दर वेळी म्हणावं लागायचं, आणि मॅनेजर वाढणाऱ्या मुलांसमोर "मुलांनाच जातं मॅडम" म्हणायचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय की हे शुल्क आपोआप लावता येत नाही, ते ऐच्छिक आहे, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. कुठेही अडवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. आम्ही मुलांना रोख टिप देतो, हातात. दिवाळीनंतर कधीतरी ती ओळ बिलातून गेली. जीएसटी 5 टक्के असतो, तो द्यायचाच आहे.

खर्च: चौघं जण पोटभर खाऊन दोन ते अडीच हजार. मला हे जास्त वाटत नाही, कारण तांदूळ, नोरी, व्हिनेगर यातलं काहीच इथलं नाही. पण दर आठवड्याला जाण्यासारखंही नाही.

जायची वेळ सांगते, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी सात-साडेसात. भात नुकताच मिसळलेला असतो, सुरी पुसायला हात मोकळा असतो, काउंटरची जागा मिळते. शनिवार-रविवारी नऊनंतर भात मोठ्या घाण्याने लावतात आणि व्हिनेगर सारखं लागत नाही, एक तुकडा आंबट तर दुसरा सपक. त्या वेळी गेलोच तर आम्ही सगळे बर्गर घेतो आणि बाबांपुरता एक काकडीचा रोल सांगतो. काप नीट आला तरच दुसरा.